निफाडला किती?

सकाळी साडेसहाला बेल वाजवून "निफाडला किती?" असं विचारणारा माणूस तुमच्याही शेजारी राहत असणारच. तुमचं गाव वेगळं असेल तर तो महाबळेश्वर विचारत असेल, नाहीतर परभणी. पण जातकुळी तीच. कानाला मफलर, मफलरीवरून चष्म्याच्या काड्या, हातात स्क्रू ड्रायव्हर आणि पायाशी एक कुत्रा. कुत्रा काही विचारत नाही. त्याला उत्तर घरून निघतानाच सांगितलेलं असतं.

आमच्या शेजारच्या नानांकडे पेपर येतो. आमच्याआधी येतो. तरी ते विचारायला येतात, कारण मला आकडा माहीत नाही हे त्यांना रोज नव्याने बघायचं असतं. मी जांभई देत "नाही बघितला अजून" म्हटलं की ते "सहा पूर्णांक एक!" अशा थाटात सांगतात, जणू रात्री कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात जाऊन त्यांनीच पारा धरून खाली ओढला. नाशिकचा आकडा ते जमेस धरत नाहीत. "नाशिकची थंडी पाहुण्यांसाठी, हो!" नानांची उभी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात गेली आणि ओझर पडलं निफाड तालुक्यात, त्यामुळे तिथली थंडी त्यांना घरच्या शेतीसारखी वाटते. २०१८च्या डिसेंबरअखेरीस निफाडचा पारा दोनच्या खाली गेला आणि द्राक्षबागांत दव गोठलं, तेव्हा बागायतदारांच्या पोटात गोळा आला होता. पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवत होते बिचारे. नानाही त्यांच्याबद्दल हळहळले, पण घरात मुलाचा नंबर आल्यासारखा चेहरा करून.

हा आकडा त्यांना कशालाही पुरतो. काकूंनी माळ्यावरची ट्रंक काढायला सांगितली की "निफाडला सात आहे, कंबर धरेल." आणि स्वतःला काही उकरायची हुक्की आली की "निफाडला सात आहे, हीच वेळ!" घरातल्या कुठल्याही कामाला नाना 'प्रोजेक्ट' म्हणतात. काम संपतं, प्रोजेक्ट चालू राहतं, एवढाच त्यातला फरक.

दाराचंच घ्या. जुलैत पावसाने दार फुगलं. सगळ्यांचीच फुगतात. आपण चार महिने खांदा लावून ढकलतो आणि दसऱ्यानंतर ते आपोआप मुकाट बसतं. नानांनी रंधा आणला. "मिगच्या पंखाला जमलं ते या दाराला न जमायला काय झालं?" दार लोण्यासारखं फिरू लागलं. मग थंडी आली, लाकूड आक्रसलं आणि खालून करंगळी जाईल एवढी फट पडली. त्या फटीतून येणारा वारा नेमका कुत्र्याच्या कमरेवर. म्हणून फटीला पट्टी ठोकायचं प्रोजेक्ट निघालं. पट्टीने दार पुन्हा अडकू लागलं. आता रंधा कुठे ठेवलाय ते सापडत नाही. (तो मी लपवलाय. काकूंच्या सांगण्यावरून.)

कुत्र्याचं नाव ब्रुनो. हे नाव मुलाने ठेवलेलं. नानांनी महिनाभरात त्याचा 'बुवा' केला आणि आता ते नाव त्याला शोभतंसुद्धा, कारण अकरा वर्षांचा तो लॅब्रॅडॉर कॉलनीच्या कोपऱ्यावर डोळे अर्धवट मिटून बसला की प्रवचन सुरू व्हायच्या बेतात आहे असं वाटतं. थंडीत त्याचे मागचे पाय धरतात. उठताना तो आधी पुढून उठतो, मग मागचा भाग येईपर्यंत वाट बघतो.

बुवासाठी घर बांधायचं ठरलं तेव्हा मला प्लायवूड धरायला बोलावलं गेलं. कुत्र्याचं घर कसं असावं हे जनावरांच्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. उठून एक गिरकी घेता येईल एवढंच असावं, म्हणजे अंगाच्या उबेने ते तापतं. जमिनीपासून वीतभर उंच असावं आणि वाऱ्याकडे तोंड नसावं. नानांनी माप स्वतःचं घेतलं, जमिनीला टेकवलं आणि दार उत्तरेला काढलं. उत्तर म्हणजे कुबेराची दिशा. आमच्याकडची थंडीही त्याच दिशेने येते, हे कुबेराला कोणी कळवलं नसावं. पहिल्या रात्री बुवाने आत डोकं घालून वास घेतला आणि जाऊन सोफ्यावर झोपला. तेव्हा "आत किती आहे ते बघू" म्हणत नाना थर्मामीटर घेऊन आत शिरले. शिरले ते खांद्याशी अडकले. बाहेर फक्त पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. काकू एक पाय ओढताहेत, मी दुसरा, बुवा पायाच्या अंगठ्याला चाटतोय आणि आतून घुमणारा आवाज येतोय, "साडेअकरा! बाहेरच्यापेक्षा दीडच जास्त! अहो, ओढू नका, वाचतोय!"

फाटकाला हिरवा तैलरंग दिला तोही डिसेंबरात, संध्याकाळी साडेपाचला. आधीच थंडीत तैलरंग वाळायला रडतो, त्यात वरून दव. सकाळी बुवा सवयीप्रमाणे फाटकाला अंग घासून उभा राहिला आणि पिवळसर कुत्र्यावर हिरवा पट्टा उमटला. नाना टर्पेंटाइनची बाटली घेऊन धावले. नशीब मी आडवा आलो आणि डॉक्टरांना फोन लावला. टर्पेंटाइनने कुत्र्याची कातडी भाजते, वर तो चाटतो ते वेगळंच. खायचं तेल चोळा, निघेल तेवढं काढा, उरलेले केस कापा, असं ते म्हणाले. तासभर आम्ही तिघा मोठ्या माणसांनी एका कुत्र्याला शेंगदाण्याच्या तेलाने मालिश केलं. त्याचे डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा फाटकाला जाऊन टेकला, अपेक्षेने.

याच डॉक्टरांनी एकदा नानांना फैलावर घेतलं होतं. गुडघ्यासाठी नाना जी गोळी घेतात तिची अर्धी ते बुवाला पोळीत घालून देणार होते. "माणसाची वेदनाशामकं कुत्र्याच्या पोटाची आणि किडनीची वाट लावतात, कळतंय का?" नाना परतताना रस्ताभर गप्प होते. त्या दिवशी निफाडला किती होतं हे मला आजतागायत माहीत नाही.

आता मूळ गोष्ट. मला अनेक वर्षं वाटत होतं की हा आकडा नाना आमचं डोकं खायला गोळा करतात. एका रविवारी सकाळी मी पान्हा परत मागायला गेलो. (तो दोन वर्षांपूर्वी नेलेला.) मुलाचा व्हिडिओ कॉल चालू होता. मुलगा सहा वर्षांपासून कॅलगरीला असतो.

"तिकडे किती?"

"उणे अठरा, बाबा."

"अरे बाप रे. निफाडला पाच पूर्णांक आठ."

"मस्त. बुवा?"

नानांनी फोन बुवासमोर धरला. बुवाने पडद्याचा वास घेतला. मग दोघंही बाप-लेक थोडा वेळ एकमेकांच्या कपाळाकडे बघत बसले. "बरं." "बरं." फोन काकूंकडे गेला आणि तिकडे एकदम पूर आला: जेवलास का, केस का वाढवलेस, सुनेचा खोकला. नाना खाली बसून बुवाच्या पंजांच्या भेगांना खोबरेल लावू लागले. बाटलीतलं तेल गोठलेलं, ते तळहातावर घासून पातळ करत होते. कान मात्र फोनकडे. मी पान्हा न मागताच आलो.

या जानेवारीत नाना-काकू कॅलगरीला गेले आणि बुवा माझ्याकडे आला. सोबत हस्ताक्षरातला चारपानी कागद. द्राक्षं नाहीत, बेदाणेसुद्धा नाहीत, किडनी! (नाशकात राहून हे पाळायचं म्हणजे पेट्या लपवत फिरणं आलं.) आंघोळ फक्त दुपारी, केस पूर्ण वाळवा. रात्री गोणपाटावर जुनी गोधडी. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा: 'फाटकाचा दुसरा हात राहिलाय. घाई नाही.'

परवा सकाळी सातला फोन वाजला. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ.

"इथे उणे बावीस," नाना म्हणाले. आवाज बारीक होता. "रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून कुत्र्यांना बूट घालतात हो. घर एकदम पक्कं आहे. दुहेरी काचा. दाराला फट म्हणून नाही." थोडं थांबून म्हणाले, "इथे काही करायलाच नाही." आणि मग, "निफाडला किती?"

मी पेपर उघडला. ढगाळ हवामान, थंडी ओसरली. निफाड ११.४.

"सहा," मी म्हणालो.

"सहा पूर्णांक किती?"

बुवा पुढून उठला होता आणि मागचा भाग येण्याची वाट बघत होता.

"पूर्णांक दोन."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अरे ए, ऐकलंस का?" नाना घरात कोणाला तरी ओरडून सांगत होते, "सहा पूर्णांक दोन!"