टपावरचा डोंगा

भंडारा हा तलावांचा जिल्हा. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब असला, तरी पाण्याविषयी ठाम मत नसलेला माणूस जिल्ह्यात सापडणे कठीण. त्यात गोसेखुर्द धरणाचे पाणी अडले, वैनगंगा फुगून ऐसपैस पसरली आणि आमच्या मेहुण्यांना मोटर क्रूझरची स्वप्ने पडू लागली. धानाच्या धंद्यात चार पैसे जमलेल्या माणसाने एक तर राइस मिल टाकावी, नाहीतर निवडणूक लढवावी. मेहुण्यांनी त्याहून खोल पाण्यात उतरायचे ठरवले.

एका रविवारी ते कॅटलॉग घेऊन आले. "भाऊजी, हे पाहा. खाली सोफा, वर खुर्च्या, संडास आतच. अन् सर्वांत वर हे." हे म्हणजे डिंगी. उथळ काठाला मोठी बोट लागेना, किंवा मोठी बोटच बुडायला लागली, तर जीव वाचवायला सोबत वागवायची छोटी बोट. चित्रात ती क्रूझरच्या छतावर उताणी पडून आभाळ बघत होती.

"ही एवढी उंचावर कशाला?" मी विचारले.

"टपावर नाही तर कुठे ठेवायची?"

त्यांचा युक्तिवाद काळी-पिवळीचा होता. लाखांदूरच्या रस्त्यावर गाडीच्या टपावर सायकल जाते, तांदळाचे कट्टे जातात, नव्या नवरीची आलमारी जाते. गाडी उलटते का? मी म्हटले, "कधीकधी." मेहुण्यांनी चहा संपवला, पण विषय संपवला नाही.

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसासमोर असा विषय निघणे म्हणजे पेन्शनीत वाढ होण्यासारखेच. मी मेटासेंटर काढले. बोट कलली की तिला वर उचलणाऱ्या पाण्याचा जोर कललेल्या बाजूला सरकतो. त्या जोराची उभी रेघ बोटीच्या मधल्या रेघेला जिथे छेदते, तो मेटासेंटर. बोटीचा गुरुत्वमध्य त्याच्या खाली राहिला तर बोट सरळ होते. वर गेला तर कलतच जाते. दोहोंतले अंतर हीच बोटीची शिल्लक. छतावर ठेवलेली प्रत्येक वस्तू त्या शिल्लकेतून पैसे काढते.

"हे कोणी शोधलं? इंग्रजांनी?"

"फ्रेंचाने. पिएर बूगे. पृथ्वीचा आकार मोजायला दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावर गेला होता. जहाजांवरचं पुस्तक त्यानं बरंचसं तिथेच लिहिलं. ते छापलं १७४६ साली."

"डोंगरावर बसून जहाज?" मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिले. भंडाऱ्यात बसून क्रूझरवर बोलणाऱ्या माझी मात्र त्या फ्रेंचाने मोठीच सोय करून ठेवली होती.

मग आकडेमोड. क्रूझर १० टनांची धरू. डिंगी आणि तिचे इंजिन मिळून १०० किलो, बोटीच्या गुरुत्वमध्यापासून ३ मीटर उंच. तेवढ्याने गुरुत्वमध्य चढतो जेमतेम ३ सेंटिमीटर. मेहुणे खूश. "बस? एवढ्यासाठी फ्रेंच आणला?" मी म्हटले, शिल्लक ६० सेंटिमीटर असेल तर खरेच फार नाही. पण छतावर नुसती डिंगी राहणार का? तुमच्या हातात जागा आली की रिकामी राहत नाही. तिथे जनरेटर येईल, पाण्याची टाकी येईल, आणि उद्घाटनाला दहा कार्यकर्ते चढतील. गोसेखुर्दचेच पाहा. १९८८ साली राजीव गांधींनी भूमिपूजन केले तेव्हा अंदाज होता ३७२ कोटींचा. त्यावर एकेक वस्तू ठेवत गेले आणि आकडा हजारो कोटींत गेला.

आणखी एक गंमत सांगितली. वरचे वजन वाढले की बोट हळूहळू झुलते. प्रवाशाला पाळण्यात बसल्यासारखे सुख होते, नावाड्याच्या पोटात गोळा येतो. झटकन सरळ होणारी बोट अंगाला त्रास देते, पण तीच भरवशाची.

"मंग मागं टांगू," मेहुणे म्हणाले. मागे टांगली की बोटीचे बूड बसते आणि नाक वर जाते. क्रेनने उचलायची तर डिंगी पाणी सोडते त्याच क्षणी तिचे सगळे वजन क्रेनच्या टोकाला जाऊन बसते. ती हवेत किती खाली लोंबते याला काही अर्थ नाही. "मंग दोरीनं ओढू." हा उपाय शास्त्राला मान्य. डिंगी आपला भार आपणच पाण्यावर टाकते. पण वैनगंगेत इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, आहे. दोर आणि ती वनस्पती एकदा पंख्यात गुंतली की ओढणारी कोण आणि ओढली जाणारी कोण, हे काठावरच्यांनी ठरवावे. "मंग हवेची घेऊ, घडी करून ठेवू." बोट बुडताना पंप कोण मारणार, यावर घरात एकमत झाले नाही. प्रत्येकाने मेहुण्यांचेच नाव सुचवले.

"अन् ही नदी आहे भाऊजी, समुद्र थोडीच आहे?"

तेव्हा मात्र मी थट्टा सोडली. २४ जुलै १९१५. शिकागोत नदीच्या धक्क्याला 'ईस्टलँड' नावाचे जहाज दोर बांधून उभे होते. कारखान्याच्या कामगारांची सहल निघाली होती. बायकापोरे नटूनथटून चढली. टायटॅनिक बुडाल्यावर जीवरक्षक होड्या वाढवण्याचा नियम आला, त्यामुळे आधीच वरून जड असलेल्या या जहाजाच्या वरच्या मजल्यावर नव्या होड्या आणि तराफे चढवले होते. जहाज धक्क्यालाच आडवे झाले. सुमारे ६ मीटर खोल पाण्यात ८४४ माणसे गेली. वाचवायला आणलेल्या होड्यांनी त्या दिवशी बुडवायला हातभार लावला.

मेहुणे गप्प झाले, पण पटले नव्हते. नदीकाठच्या पवनीला त्यांनी कॅटलॉग एका म्हाताऱ्या ढिवरबाबांना दाखवला. घाटावर बाबा डोंग्यातले पाणी डब्याने उपसत बसले होते. चित्र त्यांनी लांब धरून पाहिले, मग उलटे करून पाहिले.

"हे वर उतानीच ठेवता का जी?"

"हो."

"पाऊस पडन तं?"

मी वहीत हिशोब केला. डिंगीचे तोंड ३ चौरस मीटर, एका रात्री १०० मिलिमीटर पाऊस. श्रावणात आमच्याकडे हे नवल नाही. पाणी झाले ३०० लिटर, म्हणजे ३०० किलो. वर डिंगी धरून ४०० किलो. गुरुत्वमध्य चढला साडेअकरा सेंटिमीटर. शिवाय ते पाणी एका जागी थांबणारे नाही. बोट कलेल तिकडे तेही धावणार आणि तिला आणखी कलवणार. जगभरचे दर्यावर्दी म्हणूनच डिंगी पालथी ठेवतात, झाकतात, नाहीतर तिच्या बुडाचे बूच काढून ठेवतात. बूगेला अँडीजवर जे पुस्तक लागले, ते बाबांनी डबा खाली न ठेवता संपवले. वर म्हणाले, "डोंग्यात उभा राह्यला त्याले आम्ही बसवतो जी. तुम्ही तं डोंगाच उभा करून रायले."

मेहुण्यांना ते लागले. क्रूझरचा बेत त्यांनी रद्द केला. आता नुसती डिंगीच घ्यायची: हलकी, रुंद, वजन सगळे खाली. मी मनापासून अभिनंदन केले. परवा तिचे चित्रही आले. उन्हापासून बचाव म्हणून तिला लोखंडी छत टाकायचे ठरले आहे, आणि छत रिकामे दिसू नये म्हणून त्यावर डीजेचे दोन स्पीकर.