पिल्झनचे नाना

कळवणच्या लिलावात नाना ट्रॉलीतला कांदा उचलतात, अंगठ्यानं मान दाबतात, पत्ती चोळतात आणि "ओला आहे" म्हणून पुढं सरकतात. बिअरची बाटलीही तशीच: आधी मान, मग रंग, मग तारीख.

नानांचं खत-औषधांचं दुकान. विक्रीचं टार्गेट गाठलं म्हणून एका कंपनीनं त्यांना प्राग दाखवलं. बाकीचे डीलर पुलावर फोटो काढत राहिले, नाना पिल्झनला जाऊन आले. तेव्हापासून दुकानात युरियाआधी तिथल्या पिल्सनर बिअरची माहिती मिळते.

"१८४२ साली योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसानं..." इथं गिऱ्हाईक मोटारसायकलची किल्ली चाचपतं. मी मात्र पाण्यासाठी थांबतो. पिल्झनचं पाणी फार मऊ, त्यात क्षार नावाला. म्हणून झातेत्स गावच्या हॉप्सचा कडूपणा जिभेला टोचत नाही. हे सांगताना नाना गिरणा नदीकडं असे बघतात, जणू चणकापूर धरणाचं आवर्तन याच कामासाठी अडलंय.

माल कधी मुंबईहून येतो, कधी जर्मनीत शिकणाऱ्या पुतण्याच्या बॅगेतून, स्वेटरात गुंडाळून. बैठक मळ्यात, कांदाचाळीच्या सावलीला. (चैत्रात बंद. देवीच्या गडावर यात्रा असते.) आहेरात आलेले काचेचे ग्लास निघतात. जर्मन येवर म्हणजे लाल कांदा, सरळ नाकात जाणारी. चेक म्हणजे उन्हाळ, गोडी मागून येते. हिरवी बाटली दिसली की नाना आधी ती उन्हात होती का विचारतात. उजेडानं हॉप्स बिघडतात, उग्र वास सुटतो, तपकिरी काच बरी. "कांदा उन्हात हिरवा पडला तर घेतो का आपण?"

बैठकीतल्या मामांनी एकदा चेक बिअरचा घोट घेतला. "हाई कडू शे रे!"

"कडूच पाहिजे, मामा."

"मंग निमना पाला काय वाईट व्हता?" त्यात बिअरमध्ये अल्कोहोल फक्त ४.४ टक्के! मामांच्या मते एवढ्यात डुलकीसुद्धा लागत नाही.

रिकाम्या बाटल्या नाना टाकत नाहीत. त्या दुकानात बुरशीनाशकांच्या वरच्या फळीवर रांगेत उभ्या असतात. परवा एका शेतकऱ्यानं बोट दाखवून विचारलं, "नाना, हे करप्यावर चालतं का? पंपाला किती एमएल?"

नाना भरल्या गळ्यानं म्हणाले, "आधी थंड करावं लागतं. सात अंशांवर."