तोंडाला काय धाड भरली?

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 47 च्या घरात जातो. वरून ऊन, खालून कोळशाची धूळ. एवढं सोसणाऱ्या आमच्या पुरुषांच्या तोंडाला वर्षभर लागतं काय, तर गळ्यातला दुपट्टा. नरकचतुर्दशीला आई किंवा बायको धरूनबांधून उटणं फासते, तेवढाच शृंगार.

अशा गिऱ्हाइकांसाठी आमच्या हिने दाढीनंतर लावायचं मलम काढलं. मोहाच्या बियांचं तेल, थोडं करंजाचं आणि मधमाश्यांचं मेण. मोहाचं तेल थंडीत डब्यात थिजून बसतं आणि उन्हाळा लागला की पाणी होतं. म्हणून माघातल्या मलमाला मेण कमी, वैशाखातल्याला जास्त. ही कढईत चमचा बुडवते, थेंब बशीवर टाकते, बोटाने दाबून बघते आणि मान हलवते. मान उभी हलली तर डबे भरायचे, आडवी हलली तर पुन्हा मेण किसायचं. किसणं माझ्याकडे. विकणंही माझ्याकडे, कारण पुरुषांचं पुरुषांना कळतं, असं हिचं म्हणणं.

विकायचं म्हणजे परवाना आला. 1940 चा कायदा सांगतो की सौंदर्यप्रसाधन स्वच्छतेसाठी नि रूप खुलवण्यासाठी. रोग बरा होतो म्हणाल तर ते औषध झालं, त्याचा परवाना वेगळा. आमच्या पुरुषांचा कायदा नेमका उलटा.

"भाऊ, तोंडाले लावाचा मलम आहे."

"कायले? माह्या तोंडाले काय धाड भरली?"

"काही नाही जी. दाढी केल्यावर लावाचा."

"खाज जाते?"

"तसं म्हणता येत नाही."

"गुडघे?"

"नाही."

"मंग होते काय यानं?"

"त्वचा मऊ होते," मी म्हणालो. त्याने आधी आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना. मग डबा असा खाली ठेवला, जणू मी त्याला बांगड्या दाखवल्या होत्या.

वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीच्या बाजूला गेलं की अडचण वेगळी. तिथे 1993 पासून दारूबंदी. डब्यावर ‘मोह’ वाचताच गर्दी होते, झाकणं उघडून वास घेतले जातात. दारू फुलांची असते, हे तेल बियांचं, असा खुलासा मी करतो. गर्दी ओसरते. एक म्हातारे मात्र थांबले. त्यांनी बोटभर मलम घेऊन जिभेला लावलं, पूर्ण विचार केला आणि "नाही," एवढंच बोलून गेले.

खप झाला तो पोळ्याच्या तोंडावर. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून हळद-लोणी चोळतात. मोहाचं तेल म्हटल्यावर एकाने बैलांसाठी म्हणून डबा नेला आणि वाट मोकळी झाली. बैलाची कातडी मऊ असण्यात कमीपणा कोणालाच वाटत नाही. मीही कायद्याला स्मरून काहीच दावा केला नाही. नुसते पैसे घेतले.

पोळा उलटून गेला तरी मागणी चालूच. परवा आमच्या ओळखीचे एक काका आले. गाल तुकतुकीत, दाढी गुळगुळीत. त्यांनी बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतल्याला बराच काळ लोटलाय, हे गावात सगळ्यांना ठाऊक.

"बैलासाठी पायजे होता," काका म्हणाले.

"किती बैल आहेत जी?"

काकांनी क्षणभर हिशेब केला. "दोन डब्यांचे."