मे महिन्यातली भातलावणी

मुळशी-मावळात भाताची लावणी होते जुलैत, पावसात. एप्रिल-मेमध्ये तिथला शेतकरी राब भाजतो: शेण, पालापाचोळा, गवत पसरून जाळायचं आणि मृगाची वाट बघायची. पण शहरातल्या मुलांना सुट्टी असते मेमध्ये. म्हणून ‘मातीशी नातं’ शिबिरात लावणीही मेमध्येच उरकतात. त्यासाठी टँकर येतो. शेजारच्या वाडीतल्या बायका हंडे मांडून ज्याची वाट बघतात तसाच टँकर, फक्त हा वेळेवर येतो. चिखल झाला की मुलं तासभर रोपं खोचतात, फोटो निघतात, सनस्क्रीनचा दुसरा हात बसतो. रोपांचं पुढे काय झालं, हे विचारायचं नसतं.

राब भाजणं वेळापत्रकात नाही; धुराची तक्रार पालकांच्या ग्रुपवर येते. शेण आहे, हातमोज्यांसह.

गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली. मुलांनी हातांनी काम करत शिकावं आणि त्या कामाच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार निघावा, अशी ती कल्पना. शिबिरवाल्यांनी तिच्यात सुधारणा केली आहे: काम मूल करतं, आणि मजुरी त्याचा बाप भरतो, तीही आगाऊ. मजूर मिळत नाही म्हणून रडणाऱ्या बागायतदारांना हे सुचलं कसं नाही?

धार काढून दाखवायला, बैल धरायला, तंबूत निघालेला विंचू मारायला शेतावरच्या गड्याचा मुलगा असतोच. प्रमाणपत्रं मात्र नोंदणी केलेल्यांनाच मिळतात.