सगळं घरच्या घरी

नारायणगावात टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की ठिबक आणि फवारणीचा सल्ला देणाऱ्या भाऊंना बोलायला उसंत नसते. कुणाच्या विहिरीला किती पाणी, कुणाची मोटार किती एचपीची, 2020 साली कुणाच्या प्लॉटवर तिरंगा रोग आला होता, कुणाची उधारी कधीची, सगळं त्यांच्याकडे टिपलेलं असतं. मात्र साध्या टेक्स्ट फायलींत आणि स्वतःच्या लॅपटॉपवर. क्लाउडचं नाव काढलं की परगावच्या व्यापाऱ्यानं उधारीवर क्रेट मागितल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

हा नमुना एकटा नाही. मंचरच्या बाजारातले आडते, घोडेगावचे मोजणीवाले, यांच्यातही तो सापडतो. ‘तुमचं ते ड्राइव्ह घाटघरला उघडून दाखवा,’ हे त्याचं ठरलेलं आव्हान. आणि खरं सांगायचं तर तो जिंकतो. घाटघर काय, आहुपे काय, डोंगराच्या कुशीत रेंज गेली की बाकीचे गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसतात. भाऊ तेवढ्यात फोनवर उतरवून आणलेली मागच्या वर्षीची फवारणी वाचून दाखवतात.

कंपन्यांचे गुन्हे त्यांना तोंडपाठ आहेत. मायक्रोसॉफ्टनं 2020 मध्ये वंडरलिस्ट हे कामांच्या यादीचं ॲप बंद केलं. एव्हरनोटनं 2023 च्या डिसेंबरात फुकट्या खातेदारांना 50 नोंदींवर आणून ठेवलं. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं. यावर भाऊंचा शेरा असा, की दोन वर्षं तर आपण उधारीसुद्धा मागत नाही.

पाहुणा आला की त्याला नाणेघाट दाखवायचाच. लेण्यातल्या राणी नागनिकेच्या शिलालेखासमोर भाऊ छाती फुगवून सांगतात, ‘दोन हजार वर्षं झाली. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही!’ एकदा एका आगाऊ भाच्यानं विचारलं, ‘मामा, पुतळे कुठायत?’ सातवाहन घराण्याचे पुतळे केव्हाच गेले, वर कोरलेली नावं तेवढी उरली. म्हणजे फायली उडाल्या, फायलींची नावं शाबूत. लेखही जागोजागी झिजलेला. अभ्यासक ब्यूहलरनं तो 1883 मध्ये छापला, तेव्हापासून त्याची एक प्रत पुस्तकात सुखरूप आहे. मामांनी भाच्याला लगेच जकातीचा दगडी रांजण दाखवायला नेलं.

घरच्या फायलींचीही दुखणी असतातच. भाऊंच्या सुरुवातीच्या नोंदी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. आज त्या उघडल्या की परकी अक्षरं आणि चिन्हं यांचा काला दिसतो. भाऊ तरीही त्या पुसत नाहीत. ‘आहे ना आपल्याकडे!’

तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर, हा बॅकअपचा नियम त्यांनी कुठंतरी वाचला. घराबाहेर म्हणजे कुठं? तर मंचरला, सासुरवाडीत, मेहुण्याच्या कपाटात. दिवाळीला पेनड्राइव्ह परत मागितला, तर त्यात बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ. ‘दाजी, त्यात नुसतं मोटारी-पाइपांचं काहीतरी होतं, म्हणून पुसलं,’ मेहुणा म्हणाला. भाऊ कडाडले. मग दोघं शेजारी बसले, पहिला व्हिडिओ लागला आणि थोड्या वेळानं भाऊंनी लॅपटॉप उघडून नवी फाइल सुरू केली: कुणाची बारी किती सेकंदांत.