आत कोण आहे?

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचं पर्सेंटाइल कळतं, कॅप राउंडच्या याद्या बघून बघून डोळे शिणतात, शेवटी एक कॉलेज पदरात पडतं आणि मग घरात लॅपटॉपचा विषय निघतो. शाखा निवडताना ज्यांचं कोणी ऐकलं नव्हतं ते सगळे नातेवाईक इथे दुप्पट जोमाने परत येतात. प्रश्न ठरलेला: इंटेल की एएमडी? बिजागरी चार वर्षं टिकेल का, खिडकीपाशी बसलं तर स्क्रीनवरचं दिसेल का, रॅम पुढे वाढवता येईल का, असलं काही कोणी विचारत नाही. कारण सरळ आहे. बिजागरीला घराणं नसतं. बाजू घ्यायची तर घराणं लागतं, आणि लॅपटॉपच्या पोटात नाव घेण्याजोगी घराणी दोनच. ॲपल २०२०पासून मॅकबुकमध्ये स्वतःची चिप घालतं, अलीकडे क्वालकॉमही आलंय, पण ते परगावचे. आपल्याकडच्या भांडणात त्यांना धरत नाहीत.

माझी बहीण कराडला असते. भाचीला पुण्यात ई अँड टीसीला प्रवेश मिळाला आणि लॅपटॉप घेऊन द्यायचं काम मामा या नात्याने माझ्याकडे आलं. दाजींचा फोन आला. "पैशाकडं बघू नका, पण इंटेलच घ्या. ते एएमडी लई तापतं." दाजींचा ऊस आहे. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध कारखान्याच्या काट्यावर मिळणाऱ्या छापील पावतीपुरता. एएमडीचा लॅपटॉप त्यांनी कधी मांडीवर घेतलेला नाही. पण तापतं, हे त्यांना ठाऊक आहे. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "सगळ्यांना म्हाईत हाय की."

आता या तापण्याला काहीच आधार नाही असंही नाही. २००१ साली हार्डवेअरच्या चाचण्या घेणाऱ्या काही मंडळींनी चालू कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा कूलर पंख्यासकट उचलून बाजूला केला. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण तगला. एएमडीच्या ॲथलॉनमधून धूर निघाला. ती चित्रफीत जगभर फिरली. चालत्या कॉम्प्युटरचा कूलर घरी बसून कोण उपटतो, हे कोणाच्या मनात आलं नाही. पुढे २००४मध्ये पेंटियम ४चीच प्रेस्कॉट नावाची आवृत्ती अशी काही गरम निघाली की तिची बदनामी झाली, आणि त्याच वर्षी चार गिगाहर्ट्झ गाठायचा बेत इंटेलला गुंडाळून ठेवावा लागला. पण तोवर शिक्का मारून झाला होता आणि तो एकाच्याच कपाळी. चिप चार-पाच वर्षांत म्हातारी होते. शिक्का पाव शतकानंतरही ठणठणीत असतो आणि कराडपर्यंत चालत जातो.

दाजींच्या इंटेलप्रेमामागे मात्र वेगळी करामत आहे. प्रोसेसर हा खरं तर कोणी न पाहिलेला भाग. फ्रिजच्या कॉम्प्रेसरची कंपनी आपण विचारत नाही. १९९१ साली इंटेलने ठरवलं की न दिसणाऱ्या भागाचं नाव लोकांच्या तोंडी बसवायचं. कॉम्प्युटर कोणाचाही असो, त्यावर 'इंटेल इनसाइड'चा स्टिकर लागू लागला, कॉम्प्युटरवाल्यांच्या जाहिरातीच्या खर्चात इंटेल वाटा उचलू लागलं आणि काही वर्षांत टीव्हीवर ती पाच सुरांची धून आली. त्या जाहिराती बघत मोठी झालेली माणसं आज बाप झाली आहेत. मुलांच्या लॅपटॉपचे पैसे तीच भरतात.

आणि ज्या दोन घराण्यांवरून आपण जेवणाच्या ताटावर हमरीतुमरीवर येतो, ती मुळात एकाच वाड्यातली. १९५७ साली कॅलिफोर्नियात विल्यम शॉक्लीच्या जाचाला कंटाळून आठ जण बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली. त्यातले रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर १९६८मध्ये तिथूनही निघाले. त्यांनी इंटेल काढली. दुसऱ्याच वर्षी फेअरचाइल्डचाच मार्केटिंग सांभाळणारा जेरी सँडर्स सात सोबती घेऊन निघाला. त्याने एएमडी काढली. तारीख १ मे. महाराष्ट्र दिनाशी तिचा काही संबंध नाही, पण हा योगायोग आमच्या सोसायटीतल्या एका काकांना कळला तर तेवढ्यासाठी ते एएमडी घेतील.

थोरल्याने १९७८ साली ८०८६ ही चिप काढली. तिला समजणाऱ्या आज्ञांची जी भाषा, तीच वाढत वाढत आजची एक्स८६ झाली. १९८१मध्ये आयबीएमने आपल्या पीसीसाठी त्याच कुळातली ८०८८ निवडली, पण माल एकाच्याच हातून घ्यायला आयबीएम तयार नव्हती. म्हणून १९८२ साली कागद झाले आणि धाकट्यालाही तीच चिप बनवायचा हक्क मिळाला. काही वर्षं गुण्यागोविंदाने गेली. मग ३८६ आली आणि थोरला म्हणाला, ही वाटणीत धरलेली नाही. झालं, कज्जा सुरू. लवाद, कोर्ट, अपील, सगळं यथासांग. धाकट्याने १९९१मध्ये स्वतःची ३८६ बाजारात आणली, आणि १९९५ साली तडजोड होऊन दप्तरं मिटली. बांधावरून भांडणाऱ्या कुठल्याही गावातल्या माणसाला हा इतिहास समजावून सांगावा लागणार नाही.

पुण्याचाही या वाड्याशी थोडा संबंध आहे. पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम जन्माने पुण्याचे. शिक्षण दिल्लीला झालं, पण एवढ्यावरून हक्क सोडतील ते पुणेकर कसले. १९९३मध्ये पेंटियम आला, दोन वर्षांनी धामांनी इंटेल सोडलं आणि ते नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि १९९७ साली पेंटियमला टक्कर द्यायला जो के६ आला, त्यामागेही हेच धाम. काल ज्याची तोफ ओतली, आज त्याच्यावरच डागली. त्या काळात ज्यांनी घरी कडवटपणे बाजू घेतल्या असतील त्यांचं काय झालं असेल कोण जाणे.

त्याहून गमतीचा भाग २००३चा. चौसष्ट बिटांच्या युगासाठी इंटेलने जुनी भाषा टाकून इटेनियम नावाचा नवाच संसार मांडायला घेतला होता. एएमडीने जुनीच भाषा चौसष्ट बिटांपर्यंत ताणली. लोकांना अर्थातच दुसरी सोय आवडली, कारण त्यात जुनी सॉफ्टवेअर्स चालत होती. मग इंटेललाही धाकट्याचीच वाट धरावी लागली. म्हणून आज नवाकोरा इंटेलचा लॅपटॉप घेऊन हॉस्टेलवर आलेली मुलं उबंटू उतरवायला जातात तेव्हा फाइलच्या नावात 'एएमडी६४' असं लिहिलेलं असतं. दर वर्षी कोणीतरी घाबरून सीनियरला विचारतं, ही आपली नाही ना? सीनियर मान न वळवता सांगतो, हीच आहे, टाक.

टिळक रोडवरच्या दुकानात मी हे सगळं ज्ञान घेऊन गेलो होतो. भाचीला त्याची गरज नव्हती. तिने शोकेसमधला एक लॅपटॉप उघडला, झाकण एका बोटाने उचललं जातंय का पाहिलं, कीबोर्डच्या मधोमध अंगठा दाबून पत्रा किती वाकतो ते पाहिलं आणि चार्जर मागितला. दुकानदाराने चार्जर काढला. ती चांगली वीट होती. "हे रोज बॅगेत?" ती म्हणाली आणि तो लॅपटॉप बाद झाला. दुसऱ्यावर तिने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. "मामा, काहीच चालू नाहीये तरी आठातली निम्मी रॅम संपलीय बघ." मी बघितलं. खरंच संपली होती.

"ही वाढवून मिळेल का?" मी दुकानदाराला विचारलं.

"नाही साहेब, बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. पण आठ जीबी बक्कळ होते. आणि प्रोसेसर रायझन फाइव्ह आहे."

भाची खाली वाकून तळहाताच्या जागेवरचे स्टिकर सोडून डब्यावरचं बारीक अक्षर वाचत होती. "७५२०यू," ती म्हणाली. "तो पलीकडचा ७५३०यू दाखवा."

"दोन्ही रायझन फाइव्हच की हो, ताई."

दोन्ही रायझन फाइव्हच, यात खोटं काही नव्हतं. पण त्या मालिकेत पहिला आकडा वर्षाचा आणि आतली रचना किती जुनी ते तिसरा आकडा सांगतो. तिथे २ असेल तर मूळ आराखडा २०१९चा आणि कोअर चार; ३ असेल तर पुढच्या पिढीचा आणि कोअर सहा. सात हा आकडा दोघांच्याही डोक्यावर सारखाच मिरवतो. यात थोरली पातीही सोवळी नाही. तिने २०२३मध्ये आय३, आय५मधला 'आय' काढून टाकला, 'कोअर' आणि 'कोअर अल्ट्रा' अशी नवी बारशी केली, आणि काही जुन्या चिपांनाही त्या नव्या नावाचं अंगडं चढवलं. शेवटी यू लिहिलंय की एच एवढं तरी बघावं. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जोरकस, जास्त खाणारा आणि बहुधा विटेसकट येणारा. तापण्याचा हिशेब करायचाच तर तो घराण्यापेक्षा या अक्षरात आणि पंख्यात जास्त असतो. पहिल्या वर्षाच्या सी प्रोग्रॅमिंगला, म्हणजे पॅलिंड्रोम ओळखायला आणि फिबोनाचीची माळ छापायला, यातलं काहीही पुरून उरतं.

तरीही ही भाऊबंदकी मिटावी असं मला अजिबात वाटत नाही. धाकटा गलितगात्र होता तेव्हा थोरल्याने आपल्याला वर्षानुवर्षं दोनच कोअरचे पातळ लॅपटॉप विकले. २०१४मध्ये लिसा सू एएमडीच्या प्रमुख झाल्या, २०१७ साली रायझन आला आणि त्याच वर्षी इंटेलच्या आय५ यूमध्ये दोनाचे चार कोअर झाले. २०२२चा आय५-१२३५यू उघडा, दहा निघतील. थोरल्याला इतकी माया अचानक कुठून आली, हे वेगळं सांगायला नको.

आणि आपण इथे बाजू घेत असताना तिकडे वाड्यात काय चाललंय म्हणाल, तर एएमडीने २००९मध्येच आपले कारखाने वेगळे काढले. तिच्या लॅपटॉपच्या नव्या चिपा तैवानची टीएसएमसी बनवून देते. इंटेलनेही २०२४मध्ये लॅपटॉपच्या लुनर लेक चिपेचा मुख्य भाग त्याच टीएसएमसीकडे टाकला. म्हणजे भट्टीही एकच. ग्राफिक्समध्ये एएमडीशी झुंजणाऱ्या एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग हे लिसा सूंचे दूरचे नातलग, आणि याच एनव्हिडियाने २०२५च्या सप्टेंबरात इंटेलमध्ये पाच अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. इतकी गुंतागुंत तर आमच्या आत्याच्या सासरच्या जमिनीतही नाही.

भाचीने ७५३०यूवाला घेतला. रॅम सोळा, वजन दीड किलोच्या आसपास, चार्जर मुठीत मावणारा. तेवढ्याच पैशात इंटेलचा जो होता त्यात रॅम आठ होती आणि ती बोर्डाला चिकटवलेली. एवढाच विचार झाला, तोही तिचा. दाजींना कळवायचं काम तिने माझ्यावर ढकललं.

"एएमडी?" दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे ट्रॅक्टर चालू होता. "बरं, घेतलं तर घेतलं. पर आत इंटेल हाय न्हवं?"

"आहे की, दाजी," मी म्हणालो. "१९७८ सालचा आहे."

"मग झालं तर," दाजी म्हणाले आणि पावती जीएसटीची घेतली का ते विचारू लागले.