कागदविरहित कार्यालय : प्रस्ताव तीन प्रतींत सादर करावा

सरकारला सॉफ्टवेअर विकता येत नाही, हे आधी पक्कं ध्यानात घ्या. सरकार सॉफ्टवेअर घेतच नाही. सरकार घेतं ती नस्ती. टिपणी, मान्यता, वित्त विभागाची सहमती, शेरे, सह्या आणि पताका लावलेली, दहा वर्षांनी महालेखापालांचं पथक आलं तरी छाती काढून उभी राहील अशी भक्कम नस्ती. तिला एखादं चालू स्थितीतलं सॉफ्टवेअर जोडलेलं असलं तर कुणाची हरकत नसते. नसलं तरी फारसं अडत नाही.

ज्यांना हे कळलं ते सरकारी पुरवठादार झाले. ज्यांना कळलं नाही ते अजून बाणेर-हिंजवडीत बसून ‘आपलं प्रॉडक्ट जास्त चांगलं आहे’ असं एकमेकांना सांगताहेत.

सुरुवात डेमोपासून होते. दालनात साहेब, साहेबांचे उपसाहेब आणि प्रोजेक्टरला न बसणारी केबल. ती बसेपर्यंत चहा येतो. मग तुम्ही तुमचा रंगीत डॅशबोर्ड दाखवता. नकाशावर तालुके लाल-हिरवे होतात. साहेब शांतपणे बघतात आणि पहिला प्रश्न टाकतात, “याची प्रिंट निघते का?” (२१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, माणसं गेली, फायलीही गेल्या. त्यानंतर ई-ऑफिसचा धोशा वाढला. प्रिंटवरची श्रद्धा मात्र त्या आगीतूनही सुखरूप बाहेर आली.) दुसरा प्रश्न, “एक्सेलमध्ये निघतं का?” आणि तिसरा, ज्यावर तुमचं भवितव्य ठरतं, “हे आणखी कुठे चाललंय?”

नवखा माणूस इथे फसतो. ‘कुठेच नाही सर, तुमचा विभाग पहिला असेल,’ असं तो अभिमानाने सांगतो. साहेबांचा चेहरा पडतो. बाहेरच्या जगात पहिलं येणं हा मान असेल. कार्यालयात पहिलं असणं म्हणजे लेखापरीक्षणात एकटं सापडणं. जे छत्तीसगडने घेतलंय, आंध्रने घेतलंय, तेच आपण घ्यावं. मग उद्या बुडालं तरी सगळे बरोबर बुडतात, आणि सामूहिक बुडण्यावर परिच्छेद लिहिणं लेखापरीक्षकालाही अवघड जातं.

आता पात्रतेच्या अटी. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ साली कामांच्या पूर्वअनुभवाचं एक सूत्र घालून दिलं. अंदाजित किमतीच्या ४० टक्क्यांची तीन कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक काम आधी केलेलं असावं. पूल बांधणाऱ्याने आधी पूल बांधलेला असावा, यात गैर काही नाही. पण तेच सूत्र उचलून संगणकाच्या निविदांतही बसवलं गेलं. त्यामुळे शीर्षकात ‘राज्यात प्रथमच’ असं लिहिलेल्या प्रकल्पासाठी आत पान सातवर तसंच काम याआधी पूर्ण केल्याचा दाखला मागितलेला असतो. तोही ज्याने काम दिलं त्या कार्यालयाच्या शिक्क्यासह.

नवउद्योगांना यातून सवलत आहे बरं का. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत तशी सोय केलेली आहे. उलाढालीची आणि अनुभवाची अट शिथिल करता येईल, गुणवत्ता व तांत्रिक निकष पूर्ण होत असल्यास. वाक्याचा पूर्वार्ध नवउद्योगांसाठी आहे, उत्तरार्ध साहेबांसाठी.

काही निविदा वाचताना तर वधू-वर सूचक मंडळाची आठवण होते. उंची अमुक, शिक्षण तमुक, चष्मा नसावा, माहेर सदाशिव पेठेत, उजव्या गालावर तीळ असल्यास प्राधान्य. नाव तेवढं छापायचं राहिलेलं असतं. तीळवाला ठरलेला असतो. पण लिफाफे उघडायला किमान तीन जण लागतात, म्हणून उरलेले दोघे वऱ्हाडी म्हणून येतात. निविदापूर्व बैठकीत एखादा बाणेदार माणूस ‘हा तीळ कशाला?’ असं विचारतो. त्यावर शुद्धिपत्रक निघतं. तीळ डाव्या गालावरचाही चालेल.

निविदा भरणं आता पूर्णपणे ऑनलाइन आहे. त्यासाठी ‘क्लास थ्री’ डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल लागतो. तो लॅपटॉपला लावायचा आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉपने तो ओळखावा म्हणून वाट बघायची. दरपत्रकाची एक्सेल फाइल पोर्टलवरूनच उतरवून घ्यायची आणि तिचं नाव कदापि बदलायचं नाही. बदललं की दर कितीही चांगला असो, फाइल बाद. शेवटच्या तासात सगळा महाराष्ट्र एकदमच फायली चढवायला बसतो, त्यामुळे पोर्टलला धाप लागते. हे सगळं पार पडल्यावर निविदेतली शेवटची अट दिसते : तांत्रिक लिफाफ्यातील सर्व कागदपत्रांच्या, प्रत्येक पानावर सही-शिक्का असलेल्या, स्पायरल बाइंडिंग केलेल्या प्रती कार्यालयात समक्ष जमा कराव्यात. कामाचं नाव : कागदविरहित कार्यालय.

मग दर उघडतात आणि एकच प्रश्न उरतो, ‘एल-वन कोण?’ सगळ्यात स्वस्त तो जिंकला. या प्रथेला पर्याय हवा, हे केंद्राच्या वित्त मंत्रालयालाही पटलं आणि ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत ठरावीक कामांसाठी किमतीबरोबर गुणवत्तेलाही गुण द्यायची मुभा मिळाली. मात्र गुणवत्तेचा वाटा ३० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. आमच्या दहावीला पास व्हायला ३५ लागतात. याउलट सल्लागार निवडताना गुणवत्तेचा वाटा ८० टक्क्यांपर्यंत चालतो. म्हणजे काय हवं ते लिहून देणारा विद्वान पाहिजे. ते करून दाखवणारा स्वस्त असला की झालं.

कार्यादेश हातात पडला की पेढे वाटू नका. त्याच आठवड्यात साहेबांची बदली होते.

यावर कायदा आहे. त्याचं नाव ‘महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५’. नाव पुरं वाचेपर्यंत दोन-चार बदल्या होऊन जातात. या कायद्यानुसार अधिकाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षं, आणि कुठलीही नस्ती कुठल्याही कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांहून जास्त काळ राहू नये. दोन्ही तरतुदी उत्तम. अंमलबजावणीत मात्र त्यांची आपसात अदलाबदल झाली असावी, कारण नस्ती तीन-तीन वर्षं एका टेबलावर नांदते आणि साहेब सातव्या दिवशी हलतात.

नवे साहेब येतात. “हे कुणी घेतलं? काय विचार करून घेतलं?” असं विचारतात. ज्यांनी विचार केला ते आता मत्स्यव्यवसाय विभागात असतात. पुन्हा डेमो, पुन्हा केबल, पुन्हा चहा. “याची प्रिंट निघते का?”

या सगळ्यात ज्याला ते सॉफ्टवेअर रोज चालवायचंय तो माणूस अजून कथेत आलेलाच नाही. तो येतो थेट स्वीकृती चाचणीच्या दिवशी, म्हणजे ज्याला सगळे यूएटी म्हणतात त्या दिवशी. तालुक्याच्या कार्यालयातला वरिष्ठ लिपिक. मिनिटाला ३० शब्दांची मराठी टंकलेखनाची परीक्षा पास झालेला, रेमिंग्टनच्या कळफलकावर हात बसलेला. तुमच्या पोरांनी त्याला मोबाइलसारखा फोनेटिक कळफलक दिलेला असतो, तोही मोठ्या कौतुकाने. ‘ज्ञानेश्वर’ उमटवायला त्याला तेवढा वेळ लागतो जेवढ्यात तो पूर्वी अख्खं प्रमाणपत्र टंकून मोकळा होई. जुनी माहिती युनिकोडच्या आधीच्या फाँटांत आहे. ती नव्या प्रणालीत ओतली की गावांची नावं कंस, टक्के आणि डॉलरच्या चिन्हांत उमटतात. तो काही बोलत नाही. त्याला कुणी विचारलेलंही नसतं. तो खणातून लाल कापडी बांधणीचं रजिस्टर काढतो आणि ऑनलाइन नोंद केल्याची नोंद त्यात करतो. पुढे वीज जाते, सर्व्हर झोपतो, कंपनीचं कंत्राट संपतं. रजिस्टर चालू राहतं.

चाचणी झाली, आता तिची सही हवी. इथे भल्याभल्यांचे केस पांढरे होतात. सही केली म्हणजे ‘हे चालतं’ असं लेखी दिल्यासारखं होतं, आणि उद्या बंद पडलं तर? म्हणून समिती नेमली जाते. सभासद कधी निवडणुकीच्या कामाला जुंपलेले असतात, कधी अधिवेशनाच्या. “तुम्ही चालू राहू द्या हो, सहीचं नंतर बघू.” मंत्रिमहोदयांच्या हस्ते लोकार्पण होतं. फीत कापली जाते. लोक अर्ज भरू लागतात, दाखले निघतात. कागदोपत्री मात्र प्रणाली अजून स्वीकारलेलीच नसते. जन्माची नोंद नाही, पण एका दुपारी दोन तास बंद पडली तर दंडाची आकारणी लगेच सुरू होते.

सही नाही म्हणून टप्पा पूर्ण नाही, टप्पा पूर्ण नाही म्हणून देयक नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज द्यावं, असं २००६ चा कायदा सांगतो. हे व्याज मागायची हिंमत ज्याने केली त्याने पुढच्या निविदेत तीळ शोधू नये. थकलेल्या पैशांच्या तक्रारींसाठी २०१७ मध्ये केंद्राने ‘समाधान’ नावाचं पोर्टल काढलं. समाधान मानण्यावर असतं, हे जुनी माणसं सांगत आलीच आहेत. दरम्यान तुम्ही बिल फाडलेलं असतं, त्यामुळे त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्यात सरकारजमा करावाच लागतो. सरकारकडून न आलेल्या पैशांवरचा कर सरकारला. फेब्रुवारीपर्यंत ‘निधी नाही’ आणि ३१ मार्चच्या रात्री साडेदहाला फोन, ‘बाराच्या आत बिल द्या, नाहीतर निधी परत जाईल.’ त्या रात्री मात्र सही सापडते. समितीचे सगळे सभासदही सापडतात.

प्रस्तावात काय लिहायचं याची चिंता नको. २००६ मध्ये राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजना आली तेव्हा ‘ई’ लावला, २०१५ मध्ये ‘डिजिटल’ आणि ‘स्मार्ट’, आता ‘एआय’. आतला मजकूर तोच ठेवा. पाने क्रमांकित असली की पुरे.

सगळंच असं आहे का? नाही. डिजिटल सहीचा सातबारा आज घरबसल्या १५ रुपयांत निघतो आणि त्यासाठी तलाठी आप्पांची वाट बघत चावडीवर बसावं लागत नाही. विक्रेत्यांना खुपेल अशी गोष्ट म्हणजे ती प्रणाली कुणी बाजारातून एल-वन करून आणलेली नाही. सरकारच्याच एनआयसीने, १९७६ पासून असलेल्या संस्थेने, पुण्यात महसूल खात्याच्या माणसांबरोबर बसून बनवली. चुका झाल्या, सर्व्हर बसले, शिव्या खाल्ल्या. पण सातबारा म्हणजे काय हे माहीत असलेली माणसं त्या खोलीत होती. उलट बाजूला आयकराचं नवं पोर्टल बघा. मंत्रिमंडळाने ४,२४२ कोटींना मंजुरी दिलेली, कंपनी देशातली नामांकित, अनुभवाचे दाखले म्हणाल तर ट्रकभर. ७ जून २०२१ ला ते सुरू झालं आणि ऑगस्टमध्ये कंपनीच्या प्रमुखांना अर्थमंत्र्यांपुढे खुलाशासाठी जावं लागलं. पुढे ते रुळावर आलं, हेही सांगायला हवं. पण पहिल्या दिवशी ते चालेल याची हमी त्या दाखल्यांपैकी एकालाही देता आली नव्हती.

तेव्हा शासनाला विनंती एवढीच. निविदा काढण्याआधी ते सॉफ्टवेअर महिनाभर तालुक्याच्या त्या वरिष्ठ लिपिकाच्या टेबलावर चालवून बघा. तांत्रिक समितीत त्याला एक खुर्ची द्या, आणि तो ‘नको’ म्हणाला तर त्या नकारालाही गुण द्या. ३० टक्के पुरेत.